यादीत नसलेलं टेबल

प्रश्न

नमस्कार ताई,
आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर एका फर्निश्ड फ्लॅटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहतोय. मालकीणबाई नाशिकला असतात, आम्ही त्यांना काकू म्हणतो. आजवर कधी कुरबुर झाली नाही. नोव्हेंबरअखेर करार संपतोय आणि आम्ही दुसरीकडे जातोय. मागच्या आठवड्यात एजंट नव्या लोकांना घर दाखवायला आला. त्याने फोटो काढून काकूंना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी काकूंची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. सोफ्याचं रेक्झिन निघालंय, नवा सोफा ३८,०००. बॉक्स बेडचा प्लाय फुगलाय, नवा बेड २४,०००. कपाटावर मुलीने चिकटवलेले स्टिकर आणि मार्करच्या रेघा, ८,०००. एकूण ७०,०००. आमचं डिपॉझिट ७५,००० आहे.

सोफा आम्ही आलो तेव्हाच पाच वर्षांचा होता आणि एका कोपऱ्यात सुटत होता, पण तेव्हा काही बोललो नाही. बेडमागच्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, ती भिंत पावसाळ्यात ओली होते. गेल्या वर्षी जुलैत मी काकूंना फोटो पाठवला होता, त्या ‘बघू’ म्हणाल्या. मिस्टर म्हणतात, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच द्यायचं नाही, हिशेब मिटला.

पण मला वेगळीच धाकधूक आहे. जेवणाचं सागवानी टेबल काकूंच्या सासऱ्यांनी करून घेतलेलं आहे. वर्षभरापूर्वी घाईत मी त्यावर गरम कुकर ठेवला. बशीएवढा डाग पडला. मी वर टेबलक्लॉथ घातला, तो आजतागायत तसाच आहे. एजंटच्या फोटोत डाग दिसत नाही, त्यामुळे यादीतही टेबल नाही. कधी वाटतं, सोफ्याचे पैसे मुकाट्याने देऊन टाकावेत आणि टेबलाची भरपाई झाली असं समजावं. काय करू?
— नाव छापू नये, पुणे

उत्तर

टेबलाचं सांगा. सोफा, बेड, कपाट यांच्या पैशांचा विषय निघण्याआधी सांगा, आणि मेसेज टाकून नव्हे, फोन करून सांगा.

डागापेक्षा मला तुमचं शेवटून दुसरं वाक्य जास्त खटकलं. सोफ्याचे पैसे भरून टेबलाचं पाप फेडायचं, हा सौदा तुम्ही एकट्यानेच मनातल्या मनात करताय. समोरच्या बाईंना त्याचा पत्ताही नाही. त्यांना टेबल नीट होऊन मिळणार नाही, तुमच्या मनावरचं ओझं उतरणार नाही, आणि वयोमानाने गेलेल्या सोफ्यासाठी ३८,००० रुपये मात्र तुमचे जातील. शिवाय चावी घ्यायला काकू येतील तेव्हा पहिल्यांदा टेबलाकडेच जातील. सासऱ्यांच्या वस्तूकडे कोण बघणार नाही? टेबलक्लॉथ उचलला गेला की त्यानंतर सोफ्याबद्दल, भिंतीच्या ओलीबद्दल तुम्ही जे जे खरं बोलाल ते सगळं सारवासारव ठरेल. आज ते टेबल तुमची सगळ्यात कच्ची बाजू आहे. तुम्ही आपणहून सांगितलंत तर बाकीच्या तीन गोष्टींवर सरळ मान ठेवून बोलता येईल.

फोनवर फार लांबण लावू नका. ‘काकू, तुमच्या यादीत नाही अशी एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या वर्षी मी टेबलावर गरम कुकर ठेवला, मोठा डाग पडलाय. तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. टेबल तुमच्या घरातलं जुनं आहे, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला हात लावलेला नाही. तुमच्या ओळखीचा पॉलिशवाला असेल तर त्याला बोलावू, नसेल तर मी शोधते. खर्च माझा.’ बस. त्याच फोनमध्ये ‘पण सोफ्याचं काय आहे ना काकू’ सुरू करू नका. त्या चिडतील, चिडू द्या. सोफ्याचं दोन दिवसांनी बोलता येईल.

आता तो डाग. तो कुठल्या रंगाचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळा खर्च त्यावर अवलंबून आहे. पांढुरका, धुरकट गोल असेल तर बहुधा ओल आणि उष्णता फक्त पॉलिशच्या थरात अडकली आहे, लाकूड शाबूत आहे. जुन्या सागवानी सामानाला बहुतेक वेळा लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश असतं आणि ते गरम भांड्याला फार लवकर मऊ पडतं. पण तेच पॉलिश दुरुस्तीला सगळ्यात सोपं. जाणकार माणूस स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवतो, वर नवे एक-दोन हात देतो आणि पांढरेपणा जातो. डाग तपकिरी-काळा असेल तर लाकूडच भाजलं आहे. मग वरची फळी घासून काढून सबंध पॉलिश करावं लागतं. भरीव सागवान हे सहन करतं. टेबलाची कड आणि खालची बाजू बघा. फळीच्या टोकाला लाकडाच्या रेषा आरपार गेलेल्या दिसल्या तर ती भरीव. वरचा थर वेगळा चिकटवलेला दिसला तर तो व्हिनियर, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे कुणी जोरात घासलं तर खालचा प्लाय उघडा पडेल.

यूट्यूब बघून टूथपेस्ट चोळू नका, पॉलिशपेपर तर मुळीच लावू नका. आणि काकूंचा होकार आल्याशिवाय पॉलिशवाल्यालाही हात लावू देऊ नका, मग तो कितीही चांगलं काम करणारा असो. पन्नास वर्षांत त्या लाकडावर जो रंग चढलेला असतो तो घासून चकाचक नवा करून दिला तर काहींना आनंद होतो, काहींना रडू येतं. काकू कुठल्या बाजूच्या आहेत हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित त्या म्हणतील, राहू दे डाग, मी वर काच टाकीन. वस्तू त्यांची आहे, तेव्हा तोही निर्णय त्यांचाच. त्या पैसे कापायचं म्हणाल्या तर दोन पॉलिशवाल्यांकडून लेखी अंदाज घ्या आणि त्या रकमेवर घासाघीस करू नका. या एका बाबतीत चूक पूर्णपणे तुमची आहे.

(मालकांसाठीही एक वाक्य, कारण तेही हे सदर वाचतात. घराण्यातली वस्तू जिवापाड जपायची असेल तर ती भाड्याच्या घरात ठेवू नका. तीन वर्षं चार माणसं त्यावर रोज जेवणार, तिथे कुकर येणारच.)

सोफ्याचं अगदी उलट आहे. ज्याला आपण रेक्झिन म्हणतो, ते आजकाल बहुधा कापडावर बसवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतल्या दमटपणाने हा थर आतून विरत जातो. घाम आणि डोक्याचं तेल लागणाऱ्या जागी, म्हणजे हात टेकतो तिथे आणि मान टेकते तिथे, जरा लवकर. पाच-सात वर्षांनी पोपडे निघायला लागतात आणि एकदा लागले की थांबत नाहीत. कुलूपबंद घरातल्या सोफ्याचंही असंच होतं. तुमचा सोफा आता आठ वर्षांचा आहे.

यावर काकूंशी वाद घालण्याची गरज नाही, सोफा भिंतीपासून पुढे ओढा. मागच्या बाजूला, जिथे कधीच कुणी बसत नाही, तिथेही रेक्झिन सुटलेलं किंवा चिरलेलं दिसलं तर फोटो काढून ठेवा. त्या जागेवर तुमच्या मुलीने उड्या मारलेल्या असू शकत नाहीत. दुसरं, तुम्ही राहायला आलात तेव्हा सोफ्याचे मुद्दाम फोटो काढले नसतील, पण मुलीचा त्या घरातला पहिला वाढदिवस झाला असेल ना? गणपतीची आरास, भाऊबीज, आईबाबा पहिल्यांदा आले तो दिवस? त्या फोटोंच्या मागे सोफा नक्की असणार. फोनमध्ये तारखेसकट. तो कोपरा शोधा.

तुमच्या करारात, तुम्ही कधी वाचलंच नसेल असं एक कलम असतं. घर आणि सामान ‘नैसर्गिक झीज वगळता’ होत्या त्या स्थितीत परत द्यायचं. बहुतेक छापील मसुद्यांत ते असतं, तरी तुमच्या प्रतीत आहे ना ते बघून घ्या. रेक्झिनचे पोपडे ही झीज आहे, नुकसान नाही. आणि समजा, वादापुरतं, सोफा तुम्हीच खराब केला असता, तरी आठ वर्षं जुन्याच्या बदल्यात कोरा करकरीत सोफा कुणाला मागता येत नाही. भारतीय करार कायद्याचं, १८७२ चं, कलम ७३ भरपाई देतं ती प्रत्यक्ष झालेल्या तोट्याची. कलम ७४ त्याहून पुढे जातं. करारात दंडाची ठरावीक रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. तेव्हा ‘डिपॉझिट जप्त होईल’ अशी ओळ करारात सापडली तर घाबरून जाऊ नका.

जुन्या सामानाची किंमत काय धरायची याला घरगुती व्यवहारात एकच एक नियम नाही. पण एक मापकाठी हाताशी असावी. कंपनी कायद्याच्या, २०१३ च्या, दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण फर्निचरचं उपयुक्त आयुष्य दहा वर्षं धरलेलं आहे. घरमालक म्हणजे कंपनी नव्हे, त्यामुळे हे काकूंवर बंधनकारक नाही. पण ‘सरकारी हिशेबातसुद्धा सोफा दहा वर्षं चालतो’ हे वाक्य बोलणी ताळ्यावर आणतं. समजा सोफा ३०,००० ला घेतला होता. आठ वर्षं वापरून झाल्यावर त्यात उरले सुमारे ६,०००. यादीत लिहिले आहेत ३८,०००.

बेडचं मात्र मला इतकं सरळ दिसत नाही.

भिंतीतली ओल काढणं मालकाचं काम. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरू कायदा तयार केला त्याच्या परिशिष्टात कुठली दुरुस्ती कुणी करायची याची यादी आहे. इमारतीचं मुख्य बांधकाम आणि पाइप मालकाकडे. नळाचे वॉशर, कपाटांच्या मुठी, कड्याकुलपं भाडेकरूकडे. हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण व्यवहारातही वाटणी अशीच चालते. तुमच्याकडे जुलैचा मेसेज आहे, फोटो आहे, ‘बघू’ आहे. सगळ्या प्रकरणातला तुमचा सगळ्यात भक्कम कागद तो. स्क्रीनशॉट काढून स्वतःला ईमेल करा, फोन बदलला की जुन्या गप्पा उडतात.

पण मला सांगा, भिंत ओली दिसल्यावर बेड चार बोटं पुढे ओढला होता का? दुसरा पावसाळा आला तेव्हा पुन्हा कळवलंत का? वस्तू दुसऱ्याची असली तरी आपल्या घरातल्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी आपल्याकडून अपेक्षित असते. फोटो पाठवून बेड भिंतीला तसाच चिकटलेला ठेवला असेल तर थोडा वाटा तुमचा, हे मनाशी मान्य करा. आणि सुतार बोलावून बघा. बॉक्स बेडची बहुधा मागची एक बाजू आणि खालची पट्टी एवढंच फुगलेलं असतं. प्लाय असेल तर तेवढी फळी बदलून वर सनमायका मारता येतो. पार्टिकल बोर्ड असेल, म्हणजे फुगलेल्या कडेला बोटाने भुसा सुटत असेल, तर ते पुन्हा बसत नाही, पण तरीही सबंध बेड बदलायची वेळ क्वचित येते. ‘भिंत तुम्ही दुरुस्त करा, फळीचा निम्मा खर्च मी देते’ असा प्रस्ताव मी तुमच्या जागी ठेवला असता. भिंत कोरडी न करता २४,००० चा नवा बेड तिथे ठेवला तर पुढच्या गणपतीपर्यंत तोही फुगेल, हेही काकूंना सांगा. ते त्यांच्या फायद्याचं आहे.

कपाट एका दुपारचं काम आहे. सनमायकावरचा मार्कर हँड सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसला जातो. स्टिकरवर हेअर ड्रायरची गरम हवा मारा, सावकाश सोला, चिकट राहिलं तर खोबरेल तेल लावून पुसा. थिनर नको, चकाकी जाते. मूठ ढिली असेल तर स्क्रू आवळा. मग स्वच्छ कपाटाचा फोटो काकूंना पाठवा, ८,००० ची ओळ आपोआप खोडली जाईल.

आता मिस्टरांचा उपाय. पुण्यामुंबईत निम्मे लोक तेच करतात, हे मला माहीत आहे. तरी करू नका. भाडं थकवलं की करार मोडणारे तुम्ही ठरता, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन कमी होतं. त्यांनी लेखी ‘चालेल’ म्हटलं तर गोष्ट वेगळी. याहून वाईट उपाय म्हणजे ‘पैसे मिळेपर्यंत घर सोडणार नाही’. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या, १९९९ च्या, कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. ७५,००० वाचवायला गेलात आणि तेही हातचे गेले, असं व्हायचं.

त्याऐवजी आजच एक साधा प्रश्न विचारा : ‘काकू, डिपॉझिट कुठल्या तारखेला, कसं देणार?’ खूप मालकांकडे ती रक्कम बाजूला ठेवलेली नसते. जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधून फेडलं जातं. सत्तर हजारांच्या यादीमागे लोभच असेल असं मी धरून चालणार नाही, पैशांची ओढाताणही असू शकते. तसं असेल तर नवे लोक कधी येतात त्यावर तारीख ठरवता येईल, दोन हप्ते करता येतील. एजंटला मात्र मध्ये घालू नका. त्याला घर लवकर रिकामं व्हायला हवं आणि नवी दलाली हवी. तुमचे पैसे त्याच्या यादीत कुठेच नाहीत.

ठरेल ते ईमेलवर लिहून पाठवा : कुठल्या वस्तूचे किती, का, उरलेले कधी. काकू अडूनच बसल्या तर आधी वकिलाची नोटीस, आणि त्याच्याही आधी शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट त्यांना नाही. करारावर तुमची सही आहे ना? मग अर्ज तुमच्या नावाने करा. तिथे दावा न लावता दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवूनही तडजोड करतात. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे उद्याच कोर्टात पळायला नको. पण मला वाटतं, टेबलाचा फोन प्रामाणिकपणे झाला तर यातलं काही लागणार नाही.

आणि घर सोडायच्या दिवशीच टेम्पो बोलावू नका. सामान आदल्या दिवशी हलवा. हमाल दारात ताटकळत असताना, पोरगी रडत असताना माणूस कशालाही हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, काकूंबरोबर एकेक खोली फिरा, फोनवर व्हिडिओ करा, एका कागदावर ‘सामान या स्थितीत मिळालं, अमुक रक्कम वळती केली, अमुक परत केली’ असं लिहून दोघींच्या सह्या घ्या आणि मगच चावी द्या. नव्या घरात शिरतानाही हाच कागद करा, उलट्या क्रमाने. नोंदणीकृत करारासोबत सामानाची यादी जोडता येते, तिच्यात नुसतं ‘सोफा १’ लिहू देऊ नका. ‘सोफा १, डावा हात फाटका’ असं लिहायला लावा.